दुष्काळाच्या वाटेवर गाणारी माणसं

शहागडच्या पुलावर गाडी कडेला घ्या आणि खाली उतरा. मागे गेवराईची वाट, बीड जिल्हा. समोर अंबड तालुका, म्हणजे जालना जिल्हा लागला. खाली गोदावरी. कठड्याला हात टेकवून पाण्याकडे बघा. आता पुलाचा विचार सोडा. डांबर, विजेचे खांब, ट्रकांचे भोंगे, सगळं मागे पडू द्या.

तुमच्या पायाखाली वाळू आहे आणि ती भाजते आहे. सन 1877 चा उन्हाळा. मागच्या वर्षी दख्खनवर पाऊस असा रुसला की ज्वारी गुडघाभर येऊन वाळली. नदीला पूल नाही, आणि या घडीला पुलाची गरजही नाही, कारण पात्रात पायी उतरता येईल इतकंच पाणी आहे. पलीकडून माणसं येतायत. नगर, सोलापूरकडची. इंग्रजांच्या मुलखात चारा उरला नाही म्हणून निजामाच्या मुलखात, वऱ्हाडाकडे निघालेली. गुरांच्या फासळ्या मोजता येतात, माणसांच्याही. एका बाईच्या डोक्यावर पाटी आहे. पाटीत भांडी असतील असं तुम्हाला वाटतं. जवळ आल्यावर कळतं, मूल आहे. ते रडत नाही. रडायलाही अंगात काही लागतं.

तुम्ही या माणसांबरोबर चालायला लागता. वडीगोद्री मागे पडते. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी दिसते, तिथे हात जोडून लोक पुढे सरकतात. जालन्याला पोचेपर्यंत तुमच्या बरोबरची काही माणसं कमी झालेली असतात. ती कुठे राहिली, हे कुणी कुणाला विचारत नाही. जालन्याला अजून रेल्वे नाही, ती यायला वीसेक वर्षं आहेत. फौजेची छावणी आहे, कापसाची पेठ आहे, आणि गावाबाहेर एक नवी वस्ती आहे. तिचं नाव बेथेल.

बायबलमधला याकोब घरातून पळून निघाला होता. भावाचा राग पाठीशी, पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नाही. उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपला आणि तिथेच त्याला देव भेटला. त्या जागेचं नाव बेथेल. जालन्याजवळच्या या वस्तीला हे नाव देणारा माणूस समोरच्या ओट्यावर उभा आहे. डोक्याला पागोटं, वय पन्नाशीच्या पुढचं. रेव्हरंड नारायण शेषाद्री.

त्यांच्याकडे नीट बघा. हे ब्राह्मणाचे चिरंजीव. 1843 साली मुंबईत रॉबर्ट नेसबिट या स्कॉटिश मिशनऱ्याकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि एका दिवसात घर, जात, आईच्या हातचं जेवण, सगळं गेलं. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्या मागोमाग मिशनमध्ये आला होता, अजून पोरवयाचा. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, तर सनातनी मंडळींनी बाळशास्त्रींवरच गहजब केला. एका घराची अशी उभी चिरफाड झाली. त्या चिरफाडीतून निघालेला माणूस मुंबईत इंग्रजी व्याख्यानं देत सुखाने राहू शकला असता. तो मराठवाड्यात आला. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्याने जमीन मिळवली आणि ज्यांना गावकुसाच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं त्या मातंग आणि महार कुटुंबांना घेऊन गाव वसवायला घेतलं. त्यात त्यांची घरं, त्यांची शेतं, मुलांना शाळा आणि मधोमध प्रार्थनेचं देऊळ.

संध्याकाळ होते. तुम्ही भिंतीला टेकून बसता. पोटात आग पडलेली आहे. आणि तेव्हा ते ऐकू येतं. देवळात माणसं गातायत. आवाज गोड म्हणावेत असे नाहीत. घसे कोरडे आहेत, चाली ओबडधोबड. पण त्यात रड नाही. तुम्हाला आधी रागच येतो. बाहेर वाटेवर प्रेतं पडलेली असताना हे गातात कसे?

एक म्हातारी तुमच्यापुढे आंबिलीची वाटी ठेवते. घोटभरच आहे. तुम्ही विचारता, “आजी, तुमच्या घरी सगळ्यांचं झालं?”

“झालं म्हणायचं, लेकरा,” ती म्हणते. “आधी खा.”

“आणि हे गाणं?”

ती तुमच्याकडे बघते. “आमच्या आईबापानं जल्मभर दुसऱ्याच्या दारात हात पसरला. आज माझ्या दारात कुणीतरी आलंया. मी वाढणारी हाय. गाऊ नको तर काय करू?”

ही म्हातारी कोणत्याही कागदात सापडणार नाही. ती मी कल्पिलेली आहे. पण तिच्या उत्तरातली गोष्ट पुढच्या पन्नास वर्षांत मराठी ख्रिस्ती माणसांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा घडलेली दिसते, आणि तेवढंच दाखवायला मी तुम्हाला या प्रवासाला नेतो आहे.

आणि हो, बेथेलच्या बाहेर लोक काय म्हणत होते तेही ऐकून घ्या. पोटासाठी बाटले, असं म्हणत होते. दुष्काळात अन्नाच्या आशेने मिशनच्या दारात आलेले पुष्कळ होते, हे मिशनऱ्यांनाही माहीत होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. उपाशी माणसाने अन्नाच्या दारात जाऊ नये तर कुठे जावं? पण पाऊस परतल्यावर, पेव पुन्हा भरल्यावरही जी कुटुंबं राहिली, पिढ्यान्पिढ्या राहिली, शिव्या खात राहिली, त्यांचं राहणं एका वाटीभर आंबिलीच्या हिशेबात बसत नाही.

आता बेथेल सोडा. दोन-तीन वर्षं मागे आणि फार उत्तरेला चला.

थंडी आहे. झेलम नदीचा काठ, पंजाबातला. अंधारात दोन तरुण मुलं वाळूत खड्डे खणतायत. भाऊ आणि बहीण. खड्डे माणसाच्या मापाचे आहेत. तुम्हाला वाटतं, कुणाला पुरायचं आहे. मग ती दोघं स्वतःच त्यात उतरतात, आणि कोरडी वाळू अंगावर गळ्यापर्यंत ओढून घेतात. पांघरूण नाही म्हणून. मुलीचं नाव रमा डोंगरे. तिच्या वडिलांनी, अनंतशास्त्र्यांनी, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाशी वैर पत्करलं, पुराणं सांगत कुटुंबासह देशभर हिंडले, आणि 1874 च्या सुमाराला दक्षिणेतल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. पाठोपाठ आई गेली, बहीण गेली. रानातली पानं आणि बोरं आठळीसकट गिळून ही दोघं जगली. पुढे भाऊही जाईल. कलकत्त्याला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळतील, लग्न होईल, मुलगी होईल, आणि लग्नाला दोन वर्षं होण्याआधी, 1882 मध्ये, पटकीने नवरा जाईल.

त्या खड्ड्याच्या काठाशी थोडं बसा. देव या मुलीचं पुढे काय करणार आहे, याची खूण इथे कुठेही नाही. इथे फक्त थंडी आहे. श्रद्धेची गोष्ट सांगणारे लोक ही रात्र घाईने ओलांडून पुढे जातात, म्हणून म्हणतो, बसा. रमाबाईंनी स्वतः ही रात्र विसरायची घाई केली नाही. 1907 साली आपली साक्ष लिहायला बसल्या तेव्हा वाळूच्या त्या खड्ड्यांबद्दलही त्यांनी लिहिलं.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटिज इथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. हे सारं मराठी वाचकाला थोडंफार ठाऊक असतं. मला तुम्हाला 1900 सालच्या केडगावात न्यायचं आहे.

दौंडच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून शंभर एकरांचं रान. फळबागेसाठी घेतलेलं. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी वाचली आणि ही बाई उठून तिकडे गेली. का गेली ते झेलमच्या काठावर तुम्ही पाहिलंच आहे. तिथून तिने मुली आणल्या; पुण्यात प्लेगामुळे त्यांना ठेवू देईनात, तेव्हा याच रानात आणून राहुट्या ठोकल्या. मग 1899 चा पाऊस गेला आणि गुजरातेतून आणखी मुली आल्या, शेकड्यांनी. आता इथे जवळजवळ दोन हजार तोंडं आहेत. नाव आहे मुक्ती.

आत या. नव्याने आलेल्या मुलींची डोकी भादरलेली आहेत, खरूज आहे, काहींना उभं राहवत नाही. एक मुलगी भाकरीचा तुकडा खात नाही, परकराच्या ओच्यात लपवते आहे, कारण उद्या मिळेल यावर तिचा विश्वास नाही. तिला कुणी रागावत नाही. तिच्यापेक्षा थोडी मोठी दुसरी मुलगी तिच्याजवळ बसून आपल्या वाटणीतला अर्धा तुकडा तिच्या हातावर ठेवते. ही मोठी मुलगी चार वर्षांपूर्वी अशीच आली होती. मुक्तीचा सगळा कारभार यावर चालतो: काल आलेली आज आलेलीचं डोकं धुते, फोड पुसते, तिला घास भरवते.

विहिरीवर या. संध्याकाळपर्यंत उपसून उपसून तळ दिसायला लागतो. आसपासची गावं पाण्यासाठी वणवण करतायत. सकाळी पुन्हा पाणी पाझरलेलं असतं आणि पुन्हा रहाट सुरू होतो. नव्या विहिरी खणणं चालूच आहे. मला यातली जोडी महत्त्वाची वाटते. ही बाई पहाटे गुडघे टेकून पाऊस मागते आणि दिवस उजाडला की विहीर खणायला माणसं लावते. या आश्रमात कुणी देवाची इच्छा म्हणून हात बांधून बसलेलं तुम्हाला दिसणार नाही. मागावर कापड विणलं जातंय, तेलाचा घाणा फिरतोय, छापखान्यात मुली खिळे जुळवतायत. अंध मुलींच्या वर्गात मनोरमा बसली आहे. ब्रेल ती अमेरिकेतून शिकून आली आहे. एका मुलीचं बोट कागदावरच्या उंचवट्यांवरून सरकतं, थांबतं, मागे जातं, पुन्हा सरकतं. मग तिच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघा. दोन वर्षांपूर्वी ही कुठल्यातरी स्टेशनबाहेर पडलेली होती, आंधळी आणि निराधार, आणि आज येशूने आंधळ्याला दृष्टी दिली ती गोष्ट ती स्वतःच्या बोटांनी वाचते आहे.

रमाबाई दिसल्या का? त्या तिकडे, पांढऱ्या लुगड्यात. हाक मारू नका, ऐकू जाणार नाही. त्यांना तरुणपणापासून कमी ऐकू येतं. मुली गायला लागल्या की त्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात.

1905 च्या जूनमध्ये इथे काय झालं ते जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी लिहून ठेवलंय. मुली प्रार्थनेला बसल्या, आपल्या पापांसाठी रडल्या, आणि मग ते रडणं संपून असा हर्ष उसळला की शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, गाऊ लागल्या, दिवसचे दिवस. परदेशी पाहुण्यांना तो गोंगाट वाटला. त्यांना मराठी भजनाची सवय नव्हती. टाळ लागले, मृदंग चढला की आपल्याकडे देहाचं भान कुणाला राहतं? ज्यांच्या कुळात कुणी कधी त्यांच्या असण्याचा आनंद मानला नव्हता, त्या मुली आपण देवाच्या लाडक्या आहोत या एका गोष्टीने बेभान झाल्या. मला यात नवल वाटत नाही. बेभान झाल्या नसत्या तर नवल वाटलं असतं.

केडगावहून फार लांब नाही, राहुरीला जरा डोकावू. साल पुन्हा 1900. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला पोटाशी धरून माहेरच्या माणसांच्या आसऱ्याला राहिल्या. काही वर्षं. जिवंत नवऱ्याची बायको असून विधवेसारखी, लोकांच्या कीव करणाऱ्या नजरा झेलत. मग त्या त्याच्याकडे गेल्या, तरी आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवून राहिल्या. आणि एक दिवस ते वेगळेपण त्यांना स्वतःलाच खोटं वाटलं. राहुरीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आहात. डब्यात पीठ कमी आहे, आणि टिळक वाटेत कुणा गरजूला पैसे देऊन रिकाम्या हाताने घरी येतायत, बरोबर दोन अनोळखी पाहुणे. बाई चिडतात, बोलतात, आणि मग पदराआड हसायला लागतात. तेच हसू पुढे ‘स्मृतिचित्रे’त उतरलं. इतकं सोसलेल्या बाईचं पुस्तक इतकं हसतं कसं, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांना पडत आला आहे. या उंबऱ्यावर बसलं की तो पडत नाही. ज्या माणसावर रागवायचं, त्याच माणसाच्या वेडाने आपल्याला मोकळं केलं, हे तिला कळून चुकलं होतं.

टिळक म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून त्यांच्या ख्रिस्ती अभंगांत पंढरीच्या वाटेची धूळ आहे. पैठण आणि जांब समर्थ या संतांच्या दोन गावांच्या मधल्या शहागडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 1919 साली टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, जेमतेम दहा-अकरा अध्याय. उरलेले चौसष्ट या बाईने लिहिले, जिचं शिक्षण नवऱ्याने घरात गिरवून घेतलेल्या मुळाक्षरांपासून सुरू झालं होतं.

एक शेवटचा मुक्काम. पुन्हा केडगाव, जुलै 1921. मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. आईनंतर आश्रम तिनेच पाहायचा होता, सगळं तसं ठरलं होतं. रमाबाईंच्या खोलीच्या दाराशी उभे राहा. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता हे एकुलतं एक मूल. या खोलीत गाणं ऐकू येत नाही. यायलाही नको. ख्रिस्ती माणसाने दुःखात हसलंच पाहिजे असं सांगणारे उपदेशक मला निर्दय वाटतात. लाजराच्या थडग्यापाशी येशू स्वतः रडला होता. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना आनंदाचं पत्र लिहितो, ते खरं. पण त्याच पत्रात, दुःखावर दुःख येऊ नये म्हणून देवाने आपल्यावर दया केली, हेही तो सांगतो.

तुम्ही दाराशी उभे आहात. आत टेबलावर कागद आहेत. हिब्रू आणि ग्रीक शिकून या बाईने सबंध बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं आहे, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. काम पुरं व्हायला आणखी काही महिने हवेत, आणि त्यांची तब्येत ढासळलेली आहे. काही दिवसांनी त्या पुन्हा त्या टेबलाशी बसतात. चष्मा लावतात. मुद्रितं ओढून घेतात. बाहेर मुली कामाला लागलेल्या आहेत. मला विचाराल तर आनंद म्हणतात तो हाच. त्याला हसरा चेहरा लागत नाही. आपलं सगळं गेल्यावरही दुसऱ्याला द्यायचं काहीतरी आपल्या हातात उरलं आहे, आणि देणारा देव अजून हात आखडत नाही, एवढी खात्री त्याला पुरते. बेथेलच्या म्हातारीकडे ती वाटीभर आंबिलीची होती. इथे ती छापील पानांची आहे.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर त्यांनी पुरं केलं होतं. 1924 साली ते छापून झालं, मुक्तीच्याच छापखान्यात, दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या हातून.

आता परत या. शहागडला पूल आहे, वरच्या अंगाला जायकवाडी आहे, तरी मराठवाड्याचा दुष्काळ संपलेला नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं याच पुलावरून जातात, बायकांच्या मांडीवर मुलं असतात. तुमची श्रद्धा कोणतीही असो, तुमच्या दाराशी यंदाही कुणी येईल. तेव्हा आधी जेवायला घाला, मग बाकीचं बोला. आणि पुण्याकडे जाणं झालं तर दौंडच्या अलीकडे केडगावला उतरा. मुक्ती मिशन अजून चालू आहे, निराधार बायका आणि मुलं तिथे आजही राहतात.